स्मृतिभ्रंशाचे आरंभिक निदान

उतारवयात स्मरणशक्ती, भाषा, हिशेब, दिशाभान आणि निर्णयशक्ती यांत होणारी घसरण रोजचे व्यवहार कोलमडण्याआधी ओळखणे, म्हणजे आरंभिक निदान. चाचणीत घसरण दिसते, पण माणूस आपले व्यवहार स्वतः सांभाळतो, अशा अवस्थेला सौम्य बोधनदोष म्हणतात. असे काही जण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही वर्षानुवर्षे आहे तसेच राहतात, काही सुधारतातही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे हे लक्षण नव्हे. जन्मभर पुरणपोळ्या केलेल्या बाईला डाळ शिजल्यावर पुढे काय करायचे ते सुचेनासे होणे, दूधवाल्याचे बिल दोनदा चुकते करणे किंवा इंदुरात रामबागेतून राजवाड्याला नेहमी जाणाऱ्याने ओळखीचे वळण चुकणे, ही लक्षणे. ‘वय झालं, आता विसरायचंच’ या समजुतीपायी घरोघरी वेळ जातो. पुण्या-बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलांना फोनवर काही कळत नाही, कारण ‘जेवलास का, तब्येत कशी’ हे ठरीव बोलणे बराच काळ शाबूत राहते. तपासणीत मात्र प्रश्न विचारताच आजोबा मान वळवून आजींकडे पाहतात आणि उत्तर आजीच देऊन टाकतात. डॉक्टरांनी दोघांशी वेगवेगळे बोलावे ते यासाठीच.

प्राथमिक चाचण्यांपैकी १९७५ची एमएमएसई आणि २००५ची मोका या अधिक प्रचलित, दोन्ही ३० गुणांच्या. तारीख-वार सांगणे, शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, मोकामध्ये घड्याळ काढणे, असे त्यांचे स्वरूप असते. शिक्षण कमी असेल तर गुण आपोआप कमी पडतात. निरक्षर वृद्धांना वापरता यावी अशी हिंदी चाचणी, एचएमएसई, हरियाणातल्या बल्लभगड परिसरासाठी तयार झाली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते. बाजारात हिंदी सफाईने बोलणाऱ्या आजी वजाबाकी मात्र त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी अशी मराठीतच करतात. हिंदीत करायला लावली की अडखळतात. महिन्याचेही तसेच. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात प्रचलित हिंदी पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे जन्माष्टमी एकीकडे श्रावण वद्य अष्टमी, तर दुसरीकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. ‘कौनसा महीना चल रहा है’ याला त्या दिवशी ‘श्रावण’ म्हणणाऱ्या आजी चुकलेल्या नसतात. हे ठाऊक नसलेला परीक्षक गुण कापून मोकळा होतो.

कमी गुण म्हणजे अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचे सर्वांत नेहमीचे कारण असलेला मेंदूचा आजार) नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव (शाकाहारी घरांत विशेष पाहावी), थायरॉईडची मंदता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे, यांनीही बुद्धी मंदावल्यासारखी दिसते आणि यांतले बरेचसे उपचारांनी सुधारते. एकदोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ वेगळा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा रक्तातले सोडियम घटणे ही त्याची नेहमीची कारणे, आणि तेव्हा चाचणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

संशय राहिला तर सहा महिने ते वर्षभराने चाचणी पुन्हा करतात. पहिल्या वेळचा कागद जपून ठेवावा आणि त्यावर चाचणीची भाषा लिहून घ्यावी. एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत काढलेल्या गुणांची तुलना करता येत नाही.