वार पडल्यावरचा पहिला तास

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त फिरत असतं. बाळानंतर वार (प्लॅसेंटा) सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती मिटतात ती मुख्यतः स्नायूंमुळे. पिशवीच्या आडव्यातिडव्या स्नायूंमधूनच या वाहिन्या जातात. पिशवी आवळली की त्या चिमटल्या जातात. पिशवी सैल राहिली तर अंगावरून रक्त जातच राहतं. बाळंतपणानंतरच्या दहांपैकी सुमारे सात अतिरक्तस्रावांमागे हे सैलपण असतं. बाकीच्यांत आत राहिलेला वारेचा तुकडा, जखम, क्वचित रक्त न गोठणं.

म्हणून बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात मांडीत ऑक्सिटोसिनचं (पिशवी आवळणारं औषध) १० युनिटचं इंजेक्शन देतात. औषध स्वस्त, पण २ ते ८ अंशांतच टिकतं. कोकणात गोम इथेच आहे. जूनच्या वादळात तारांवर झाड पडलं की आरोग्य उपकेंद्राची वीज जाते, आणि फ्रिज गरम झाला तरी औषध दिसायला तसंच दिसतं. ताकद मात्र उतरलेली असते. पिशवी आवळणाऱ्याच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना (२०० मायक्रोग्रॅमच्या तीन) फ्रिज लागत नाही. घाटापलीकडे बेळगाव जिल्ह्यात झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी असा रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर आणला होता. दोन पथ्यं मात्र कडक. दमट हवेत गोळी खराब होते, म्हणून ती ॲल्युमिनियमच्या पट्टीतून आयत्या वेळीच काढायची. आणि पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाल्यावरच सिस्टरने द्यायची. बाळंत होण्याआधी घेतली तर पिशवी फाटू शकते.

दुसरी अडचण डोळ्यांची. चादरीवर, फरशीवर सांडलेलं रक्त अनुभवी सिस्टरलाही कमीच वाटतं. त्यावर उपाय साधा आहे: बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्या चार देशांच्या अभ्यासात असं मोजमाप केलं आणि लगेच पाच उपचार एकत्र सुरू केले: पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), सलाइन, तपासणी. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. ५०० मिलि ओलांडेपर्यंत थांबायचं नाही. ३०० मिलि झालं आणि नाडी पळू लागली की कामाला लागायचं. गरोदरपणात रक्त वाढलेलं असल्यामुळे रक्तदाब उशिरा पडतो, नाडी आधी बोलते. तिचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला गाठू लागला तर बाई धोक्यात आहे, मग ती कितीही नीट बोलत असो.

ट्रॅनेक्झामिक ॲसिड (१ ग्रॅम, शिरेतून) पहिल्या तीन तासांतच उपयोगी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते देता येतं, रक्ताची पिशवी मात्र तिथे मिळत नाही. १०८ रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते. पाखाडी (पायऱ्यांची वाट) आणि साकव (ओढ्यावरचा लहान पूल) माणसांनीच ओलांडायचे. दाभोळ–धोपावे फेरीबोट मध्यरात्री नसते. म्हणून जून ते सप्टेंबरची तारीख असेल, तर आठवडा-दोन आठवडे आधी बाईने रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे जाऊन राहणं हे आमच्या मते कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचं. माहेरी जाताना माता-बाल कार्डही सोबत हवं, नाहीतर तिथल्या डॉक्टरांना काहीच ठाऊक नसतं. आशाताईंनी आठव्या महिन्यातच रक्तगट, गाडीवाल्याचा नंबर आणि दोन रक्तदाते (१८ ते ६५ वर्षं, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५) लिहून ठेवावेत. मासेमारीबंदी संपली की नवरा-दीर समुद्रावर असतात, तेव्हा दाते काठावर असणारेच निवडा.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह) घ्यावी, चहाबरोबर नाही, आणि कॅल्शियमपासून दोन तास दूर.

वाटेतच बाळंत झाली तर नाळ ओढू नका. बाळ कोरडं करून छातीशी लावा. ते चोखू लागलं की पिशवी आवळते. बाईला लघवी करू द्या, भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. वार पडल्यावर बेंबीखाली हाताला पिशवी मऊ लागली तर घट्ट होईपर्यंत गोल चोळा. बाईला उताणी, पाय उंच, पांघरुणात ठेवा. पाच मिनिटांत एक पॅड पूर्ण भिजलं तर १०८ ला ते शब्दशः सांगा.