लेसर धातुमुद्रणातील अवशिष्ट प्रतिबल

बाहेरून कोणताही भार नसताना वस्तूच्या आतच कोंडून राहिलेले बल म्हणजे अवशिष्ट प्रतिबल. ओतकाम, वेल्डिंग, यंत्रण या सगळ्यांत ते थोडेबहुत असतेच. पण धातूची पूड लेसरने थरावर थर वितळवून वस्तू छापताना ते इतके साठते, की काही ठिकाणी धातूच्या यील्ड मर्यादेपर्यंत (जिच्यापुढे धातू कायमचा वाकतो) पोचते. छपाई अर्ध्यावर असताना सपोर्ट (वस्तूला धरून ठेवणारे छापील टेकू) तुटणे, वस्तूची कड वर येऊन पूड पसरवणारे पाते तिला अडखळणे, हे त्याचेच प्रताप.

लेसरचा ठिपका साधारण ०.१ मिमीचा, थर ३० ते ६० मायक्रॉनचा आणि वेग सेकंदाला सुमारे १ मीटर. वितळलेला धातू डोळ्याचे पाते लवायच्या आत गोठतो. निवण्याचा वेग सेकंदाला लाखो अंशांच्या घरात जातो. गोठलेला नवा थर निवताना आकसू पाहतो, खालचा आधीच निवलेला भाग त्याला आकसू देत नाही. त्यामुळे नवा थर ताणात राहतो आणि खालचा दाबात. शेकडो थरांनंतर वरच्या व बाजूच्या पृष्ठभागांवर ताण आणि गाभ्यात दाब अशी मांडणी होते. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या मर्सेलिस आणि क्रुथ यांनी २००६ मध्ये केलेली या क्रियेची मांडणी आजही आधाराला घेतली जाते.

हे बल डोळ्यांना दिसते ते वस्तू पट्टीवरून (बिल्ड प्लेट) सोडवताना. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१८ च्या ‘एएम-बेंच’ उपक्रमात ७५ मिमी लांबीचे, बारा पायांचे पूल इन्कोनेल ६२५ (निकेलचा मिश्रधातू) आणि १५-५ या स्टेनलेस पोलादात छापले. मग वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) अकरा पाय पट्टीपासून सोडवले आणि सुटलेला भाग किती वर उचलला जातो ते मोजले. गणिती प्रारूपे चालवणाऱ्यांनी हा आकडा आधीच सांगायचा होता. सुटताना वस्तू अशी वाकते, म्हणूनच कारखान्यात शहाणा माणूस आधी प्रतिबल उतरवायला वस्तू पट्टीसकट भट्टीत घालतो आणि वायरकट नंतर करतो.

अडचण अशी, की ज्या वेगवान गोठण्यामुळे प्रतिबल येते त्याच गोठण्यातून धातूची ताकदही येते. ३१६एल स्टेनलेस पोलादाच्या अनीलित (तापवून मऊ केलेल्या) पत्र्याला मानकाप्रमाणे किमान १७० मेगापास्कल (प्रतिबलाचे एकक) यील्ड पुरते. छापलेल्या नमुन्यात ती बहुधा ४५० च्या वर असते, आणि तन्यताही (तुटण्याआधी लांबण्याची क्षमता) फारशी हरवत नाही. धातूच्या कणांच्या आत गोठताना बनणारी मायक्रॉनहून बारीक कोशिकारचना (कप्प्यांची जाळी) हे त्याचे मुख्य कारण. टायटॅनियम ६-४ या मिश्रधातूत मात्र सुईसारखे मार्टेन्साइट (झटकन निवल्याने बनणारी कठीण रचना) बनते: ताकद ११०० मेगापास्कलच्या पुढे, पण लांबण्याची क्षमता अनेकदा १० टक्क्यांच्या खाली. विमानाच्या भागाला असा ठिसूळपणा परवडत नाही. म्हणून उष्णता संस्करण, आणि गरजेनुसार ९२० अंश सेल्सिअस व १०० मेगापास्कलच्या आसपास चहूबाजूंनी वायुदाब देणारे ‘हिप’. त्याने आतली छिद्रे मिटतात, तन्यता वाढते, ताकद थोडी उतरते.

भट्टी हा सरसकट उपाय नव्हे. इन्कोनेल ६२५ ला ८७० अंशांवर तासभर ठेवून ताणमुक्त करण्याची रूढ पद्धत छापलेल्या धातूला जशीच्या तशी लावली, तर नको असलेली डेल्टा प्रावस्था (नायोबियमयुक्त, ठिसूळपणा आणणारे स्फटिक) उगवते, कारण गोठताना नायोबियम कोशिकांच्या सीमांवर गोळा झालेले असते. ॲल्युमिनियमच्या एएलएसआय१०एमजी मिश्रधातूत ३०० अंशांवर सिलिकॉनचे जाळे तुटते आणि ताकद लक्षणीय घटते.

छापतानाच बल कमी राखण्यासाठी पट्टी आधी तापवतात, क्षेत्र लहान चौकोनांत विभागतात, दर थराला लेसरची दिशा ६७ अंशांनी फिरवतात. यांत पट्टी तापवणे सर्वांत भरवशाचे. चौकोनांच्या फायद्याबद्दल निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिणवट्याच्या (वारंवार भाराने तडा जाण्याच्या) बाबतीत पृष्ठभागावरचा ताण तर घातक आहेच, पण खडबडीतपणा आणि न वितळलेल्या पुडीचे दोष अनेकदा त्याहून आधी तडा पाडतात.

प्रतिबलाने धातूतील अणूंच्या थरांमधले अंतर बदलते, ते मोजून प्रतिबल काढतात. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन सोपे, पण ते पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच पाहते. न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आत शिरतात. त्यासाठी अणुभट्टी किंवा तत्सम स्रोत लागतो. शिवाय तुलनेला त्याच धातूचा ताणमुक्त नमुना हवा. छापलेल्या वस्तूची अंतर्रचना मूळ पुडीशी जुळत नाही, म्हणून तो नमुना तशाच छापलेल्या जोडवस्तूतून बारीक तुकडे कापून मिळवतात. त्यात थोडी चूक झाली तरी प्रतिबलाचा आकडा दहा-वीस नव्हे, शेकडो मेगापास्कलनी हुकू शकतो.