वीजदराची सुनावणी आणि मीटर नसलेली मोटार

वीजदरावर ग्राहकाला कायद्याने हरकत घेता येते, ही सोय महाराष्ट्रात आली 1999 नंतर. त्याआधी 1948 च्या वीजपुरवठा कायद्याखाली वीज मंडळच दर ठरवी. कलम 59 ची अपेक्षा एवढीच, की शासनाचे अनुदान धरून वर्षाअखेर स्थिर मालमत्तेच्या किमान 3 टक्के शिल्लक उरावी. खर्च वाजवी होता का, गळती खरी किती, हे विचारायला ग्राहकाला जागाच नव्हती. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाने ही उणीव चव्हाट्यावर आणली. दाभोळचा वीजखरेदी करार 1993 मध्ये जनसुनावणीविना झाला आणि 2001 मध्ये मंडळाला तो रद्द करावा लागला.

1998 च्या कायद्यानुसार ऑगस्ट 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला. ग्राहकांची बाजू मांडायला आयोगाने काही संस्थांना अधिकृत केले: पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातील उद्योग संघटना. त्यांनी मोठे काम केले. पण पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर या यादीत मराठवाडा नाही, आणि इथला सर्वात मोठा प्रश्न तर मीटर नसलेल्या कृषिपंपांचा आहे.

सुरुवातीच्या सुनावण्यांतच तो उघड झाला. मंडळ सांगत असलेली 18 टक्क्यांच्या आसपासची गळती आकडे तपासल्यावर 30 च्या वर गेली. मीटर नसलेल्या पंपाचा वापर अंदाजाने धरला जातो. 5 एचपीची मोटार म्हणजे 3.73 किलोवॅट. ती वर्षात 200 दिवस, रोज 8 तास चालली असे धरले, तर 5,968 युनिट होतात. प्रत्यक्षात 4 तासच चालली असेल, तर 2,984. उरलेली निम्मी वीज गळतीत किंवा चोरीत गेलेली असते, पण कागदावर शेतकऱ्याने वापरलेली दिसते. मग गळती कमी भासते, अनुदानाची मागणी फुगते, उद्योगांवरचा क्रॉस सबसिडीचा, म्हणजे शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी त्यांच्याकडून घेतलेल्या जादा दराचा, बोजा वाढतो आणि फुकट वीज जाळल्याचा ठपका मात्र शेतकऱ्यावर येतो. हा अन्याय आहे.

मराठवाड्यात हा अंदाज जास्तच चुकतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. विहिरी-बोअर आटलेल्या अशा वर्षी मोटार 8 तास कशी चालणार? जळालेले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आठवडाभर बदलले नाही, तर तेवढे दिवसही वापर शून्यच. 2020 च्या दरआदेशात आयोगानेही शेतीचा वापर महावितरणच्या (मंडळाच्या विभाजनातून झालेल्या वितरण कंपनीच्या) दाव्यापेक्षा कमी धरला.

2003 च्या वीज कायद्याने ग्राहकाची जागा पक्की केली. कलम 94(3) नुसार आयोग कोणालाही ग्राहकांतर्फे बोलायला अधिकृत करू शकतो. कलम 64 नुसार दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करून, लोकांच्या हरकती विचारात घेऊन, 120 दिवसांत आदेश द्यावा लागतो. अशा सुनावण्या औरंगाबादलाही, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, झाल्या आहेत.

तिथे बहुतेकांची बाजू एकाच कारणाने वाया जाते. चुकीचे बिल, बदलून न मिळालेले रोहित्र, वाकलेला खांब या तक्रारी खऱ्या असतात, पण त्यांची जागा कलम 42(5) खालचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. दराच्या सुनावणीत त्यांना ‘या प्रकरणाच्या कक्षेबाहेर’ एवढेच उत्तर मिळते. हरकत लेखी द्यावी, नोटिशीतल्या मुदतीत द्यावी, प्रकरण क्रमांक घालावा, तोंडी बोलायचे असल्यास तसे लिहावे आणि प्रस्तावातल्या नेमक्या तक्त्यावर बोट ठेवावे. लेखी मुद्द्याला महावितरणचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय आदेशात छापून येतो. पुढे अपिलीय न्यायाधिकरणात 45 दिवसांत जायचे, तर हाच कागद आधाराला लागतो.

मागणीही नेमकी हवी: आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शेती फीडरला (उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला) महिन्याला किती युनिट दिले, त्यावर एकूण किती एचपीचे पंप आहेत आणि किती तास पुरवठा झाला. हे तीन आकडे मिळाले, की कागदावरचा वापर शक्य तरी होता का, हे कोणालाही तपासता येते.