हेडचं काम झालं, मग गाडी चढ का ओढत नाही?

ट्रकचं हेड (इंजिनाच्या सिलिंडरवरचं झाकण) उतरवून नवीन गॅस्केट टाकलं. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं, न्यूट्रलमध्ये रेस दिली तर आवाज खणखणीत. माल भरून कसारा घाट लागला की मात्र गाडी एक गिअर खाली मागते. अशा वेळी डिझेल वाढवायला हात थेट इंजिनावरच्या डिझेल पंपाच्या स्क्रूकडे जातो. पंपाला हात लावण्याआधी इंजिनात जाणारी हवा तपासा.

१ किलो डिझेल जळायला हिशेबाने साधारण साडेचौदा किलो हवा लागते. धूर न होता जळायचं तर २० किलोच्या आसपास. ६ लिटरचं इंजिन २४०० फेऱ्यांवर मिनिटाला १२०० वेळा पूर्ण भरतं (चार स्ट्रोक, म्हणून निम्म्या वेळा), म्हणजे ७२०० लिटर हवा, वजनात सुमारे साडेआठ किलो. तेवढ्यात जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम डिझेल नीट जळेल. त्यापुढची ताकद टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची.

इथे एक गंमत आहे. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला म्हणून हवा दुप्पट भरत नाही. दाबताना ती तापते. बाहेरची ३२ अंशांची हवा टर्बोतून १२० अंशांच्या आसपास निघते आणि गरम हवा विरळ असते. दाब दुप्पट, पण वजन दीडपटीच्या थोडं वर. इंटरकूलरने तीच हवा ५५ अंशांवर आणली की वजन १.८५ पटीच्या जवळ जातं. हेड, रेडिएटर किंवा गिअरबॉक्सच्या कामात याच वाटेवरचे जाड होज पाईप काढावे लागतात. परत बसवताना होजच्या तोंडाला ऑइल राहिलं, क्लिप कडेवर बसली किंवा जुनी चीर दुमडीत लपली, की दाब येताच तिथून हवा सुटते.

न्यूट्रलमध्ये हे दिसत नाही, कारण लोड नसताना डिझेल थोडंच जळतं, एक्झॉस्टमध्ये जोर नसतो आणि टर्बो नुसता फिरतो. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मोजायचा तर भरल्या गाडीवर, चढाला, मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीला) गेज लावूनच.

धूर बघा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत हवा सुटली की काळा धूर येतो: डिझेल तेवढंच, हवा कमी. ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी पडतंय. काही पंपांवर मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी येते. बूस्ट आला की पंप डिझेल वाढवतो. ती नळी जोडायची राहिली तर पंपाला बूस्ट कळतच नाही. नव्या गाड्यांत हेच काम सेन्सर करतो. त्याचा प्लग सैल असला तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल आवरतं घेतो.

गळती शोधायची तर इंजिन बंद आणि थंड हवं. टर्बोच्या तोंडाला व्हॉल्व्ह असलेलं रबरी बूच घट्ट बांधा आणि रेग्युलेटरमधून हळूहळू १ बारपर्यंत हवा द्या. टायरची लाइन थेट लावू नका, बूच गोळीसारखं उडतं. समोर उभंही राहू नका. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाका. एखादा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असल्याने इंजिनातून थोडी हवा जाणारच, पण होजवर बुडबुडे नकोत.

हे न करता पंपाचा स्क्रू फिरवला तर काळा धूर वाढतो, एक्झॉस्ट तापतो आणि पिस्टन वितळायची वेळ येते. 'पिकअप वाढवणाऱ्या' बाटल्यांचंही तसंच. टाकीत काहीही ओतलं तरी सुटलेली क्लिप आवळली जात नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधायला हरकत नाही, ती निदान पिस्टन तरी जाळत नाही.

हवा ठीक निघाली तर डिझेलची ओढ बघा. फिल्टर बदलताना रबरी रिंग किंवा तांब्याचं वॉशर नीट बसलं नाही, तर टाकीकडच्या बाजूने डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं. फिल्टरनंतर हातभर पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तर दोष क्लचचा. आणि चाकाचं कामही झालं असेल तर दहा किलोमीटर चालवून हात ड्रमजवळ न्या, न टेकवता. एकच ड्रम भट्टीसारखा तापला असेल तर इंजिनाचा दोष नाही, ब्रेक चिकटलाय.