कोकणपट्टीतील घरांतला ओलावा

उष्ण-दमट हवामानात घरातील हवा, भिंती आणि सामान यांतला पाण्याचा अंश आटोक्यात ठेवणे, हा या नोंदीचा विषय. राष्ट्रीय इमारत संहितेने भारताचे पाच हवामान-विभाग केले आहेत. मुंबई, कोकण आणि गोवा उष्ण-दमट विभागात मोडतात. पावसाळ्यात येथील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्ष असलेला हिस्सा, बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. भिंतीलगत किंवा कपाटात एवढी आर्द्रता टिकून राहिली की बुरशी धरते. ६० टक्क्यांच्या खाली ती सहसा वाढत नाही.

आर्द्रतामापक घरात नसला तरी मिठाची बरणी बरेच सांगते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने त्याला आणखी आधी पाणी सुटते. मीठ ओले झाले, पापड सादळले, तबल्याची पुडी उतरली, की चामडी चपला आणि पुस्तकांकडे लक्ष द्यायची वेळ झाली असे समजावे.

खिडक्या उघडल्या की घर सुकते, हा समज पावसाळ्यात अर्धाच खरा ठरतो. २७ अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत फार तर २६ ग्रॅम वाफ मावते. बाहेर ९० टक्के आर्द्रता असेल तर त्यांतले सुमारे २३ ग्रॅम हवेत आधीच भरलेले असतात आणि खिडकीतून तेच आत येतात. मात्र आंघोळ, स्वयंपाक किंवा वाळत घातलेले कपडे यांमुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा ओली झाली असेल, तर खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा यांना पर्याय नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा यातला वाटा सहज ध्यानात येत नाही. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत मिसळते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे वीस लिटरांहून जास्त. भाताच्या आणि डाळीच्या पातेल्यांतली वाफ निराळीच. म्हणून गॅस पेटवतानाच पंखा लावावा आणि बंद केल्यावरही काही वेळ चालू ठेवावा. कपडे निजायच्या खोलीत दार लावून वाळत घालणे ही सर्वांत वाईट सवय आहे. त्यांतले सगळे पाणी गाद्या आणि कपाटे शोषून घेतात. त्यापेक्षा वलण पडवीत किंवा बाल्कनीत, छपराखाली बांधावी.

जुन्या घरांची रचना या हवेला ओळखून केलेली होती. उंच जोत्यामुळे जमिनीतली ओल वर चढायला वेळ लागे. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून वळचण खाली उतरवलेली असे आणि पडवीला माडाच्या झावळांचे विणलेले झाप बांधत. चुलीची ऊब आणि धूर माळ्यावर साठे व कौलांच्या फटींतून बाहेर पडे. ९० टक्के आर्द्रतेची २७ अंशांची हवा नुसती ३० अंशांवर तापवली तरी तिची आर्द्रता ७६ टक्क्यांवर येते. माळ्यावरचे बियाणे आणि कोकम टिके ते या उबेमुळेही. मात्र तोच धूर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला बाधे. ती किंमत विसरून चुलीचे गोडवे गाणे बरोबर नाही.

वातानुकूलन यंत्र थंड नळ्यांवर वाफ गोठवून नव्हे, तर तिचे पाणी करून हवा कोरडी करते. बाहेर ठिबकणारे पाणी हेच. खोलीच्या मानाने यंत्र मोठे असले, तर हवा चटकन गार होऊन ते बंद पडते आणि ओलावा तसाच उरतो. तापमान फार खाली नेल्यास थंड भिंतीवर आणि काचेवर दव धरते, त्यामुळे २५–२६ अंश आणि सोबत पंखा एवढे पुरे. निव्वळ आर्द्रता कमी करणारे यंत्र उष्णता खोलीतच सोडते, त्यामुळे खोली थोडी तापते. दारे-खिडक्या बंद ठेवल्या तरच त्याचा उपयोग. विदर्भात मे महिन्यात सुख देणारा कूलर मात्र येथे अपायच करतो, कारण तो पाणी हवेत टाकूनच गारवा देतो.

कपाटे भिंतीपासून दोन-तीन बोटे पुढे ओढून ठेवावीत. कॅमेरा, दागिने, कागदपत्रे यांसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा शोषणारे सिलिका जेल पुरते. त्याचे निळे मणी ओलावा शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवण्याची संधी ऑगस्टमधल्या उघडिपीतही सोडू नये.

जांभ्याची भिंत सच्छिद्र असते. तिच्यावर तेलरंग किंवा प्लास्टिक पेंट चढवला की आत शिरलेले पाणी कोंडते आणि पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा व सफेदी त्या पाण्याला वाट देतात. रंगकामापूर्वी भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ओल भिंतीतून येते आहे: गळती, फुटका नळ किंवा जोते तपासावे. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर दोष घरातल्या हवेचा आहे आणि गवंड्याला बोलावण्याची गरज नाही.