६९ लाखांचा भ्रमनिरास (श्रीलंका)

श्रीलंकेत नोव्हेंबर २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे यांना भरभरून मते देणाऱ्या, मुख्यतः सिंहली बौद्ध, मतदारांनी पुढच्या अडीच वर्षांत त्यांच्याकडे फिरवलेली पाठ. राजपक्षे यांना ६९,२४,२५५ म्हणजे ५२.२५ टक्के मते मिळाली होती. '६९ लाख' हा आकडा सुरुवातीला त्यांचे समर्थक छाती फुगवून सांगत. २०२२ उजाडेपर्यंत तो टोमणा झाला होता. गॅस सिलिंडर मिळेना, वीज टिकेना, की ज्यांनी मत दिले नव्हते ते मत दिलेल्यांना हा आकडा ऐकवत. लोकानुनयी नेत्याविषयीचे प्रेम किती वेगाने आटते, याची इतकी स्पष्ट उदाहरणे अलीकडच्या काळात थोडीच सापडतील.

गोटाबाया हे मुरलेले राजकारणी नव्हते, आणि हेच त्यांचे भांडवल होते. लष्करातून निवृत्त होऊन ते अमेरिकेत स्थायिक झाले होते. थोरले बंधू महिंदा २००५ मध्ये अध्यक्ष झाल्यावर ते संरक्षण सचिव बनले. मे २००९ मध्ये तमिळ वाघांचा बीमोड झाला, त्याचे श्रेय सिंहली जनतेने या दोघा भावांना दिले. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात मारल्या गेलेल्या तमिळ नागरिकांचा प्रश्न सिंहलीबहुल दक्षिणेत फारसा कोणी विचारला नाही. नंतर कोलंबोचे रस्ते, पदपथ आणि बागा चकाचक करण्याचे कामही गोटाबायांनीच हाताळले, त्यामुळे 'बोलत नाही, करून दाखवतो' अशी त्यांची ख्याती झाली. २०१५ मध्ये महिंदांना हरवून सत्तेवर आलेले अध्यक्ष मैत्रिपाल सिरिसेना आणि पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांचे सरकार आपसांतच भांडत बसले होते. त्यातच २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे गेली. हल्ल्याची पूर्वसूचना मिळूनही सरकार हलले नव्हते. काही दिवसांतच गोटाबायांनी आपण उमेदवार असल्याचे जाहीर केले. सुरक्षितता, शिस्त आणि राजकारण्यांऐवजी जाणकारांचा कारभार, एवढे तीन शब्द मतदाराला पुरेसे होते.

शपथविधी १८ नोव्हेंबर २०१९ रोजी अनुराधापूरच्या रुवनवेलिसाय स्तूपाजवळ झाला. हा स्तूप बांधणारा दुट्ठगामणी राजा सिंहली परंपरेत तमिळ राजा एळार याचा पराभव करणारा म्हणून पूजला जातो. ही जागा सहज निवडली गेली होती, असे कोणी म्हणणार नाही. त्यानंतरचे काही आठवडे उत्साहाचे होते. गावोगावची तरुण पोरे रंगाचे डबे घेऊन बाहेर पडली आणि भिंतींवर राजे, हत्ती, धरणे, रणगाडे रंगवू लागली. अध्यक्ष सरकारी कचेऱ्यांत न सांगता जाऊन उभे राहू लागले, त्याची छायाचित्रे हातोहात फिरली. ऑगस्ट २०२० च्या संसदीय निवडणुकीत कळी हे चिन्ह असलेल्या त्यांच्या पक्षाने २२५ पैकी १४५ जागा जिंकल्या. त्याच वर्षी खेडुतांच्या एका मेळाव्यात त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले, की माझा तोंडी आदेश हेच परिपत्रक समजा. टाळ्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये विसावी घटनादुरुस्ती होऊन अध्यक्षांचे अधिकार वाढले, तेव्हाही ६९ लाखांमधून विरोधाचा सूर उमटला नाही.

भ्रमनिरासाची पहिली चाहूल लागली ती कॅथॉलिक समाजात. ईस्टरच्या हल्ल्यामागचे खरे सूत्रधार शोधू, या शब्दावर नेगोम्बो परिसरातल्या अनेकांनी विश्वास ठेवला होता. चौकशी आयोगाचा अहवाल आला, पण कारवाईचे चिन्ह दिसेना, तेव्हा ७ मार्च २०२१ रोजी कॅथॉलिकांनी काळे कपडे घालून 'काळा रविवार' पाळला. कोलंबोचे आर्चबिशप कार्डिनल माल्कम रंजित यांची भाषा त्यानंतर दिवसेंदिवस कडक होत गेली.

निर्णायक घाव मात्र शेतात बसला. जाहीरनाम्यात सेंद्रिय शेतीकडे दहा वर्षांत वळण्याचे आश्वासन होते. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली. कारण पर्यावरणाचे सांगितले गेले. तिजोरीतले डॉलर आटत चालले होते, हे त्यामागचे दुसरे कारण लपून राहिले नाही. ज्या भातशेतकऱ्याला याच सरकारने फुकट खताचे वचन दिले होते, त्याला आता दुकानात विकतही मिळेना. पोलोन्नारुवा, अनुराधापूर, हंबनटोटा या जिल्ह्यांनी २०१९ मध्ये गोटाबायांना कौल दिला होता. तिथेच कृषिमंत्र्यांचे पुतळे जळू लागले. चीनहून मागवलेले सेंद्रिय खत जंतुदोषाच्या कारणावरून बंदरात उतरवू दिले नाही, भारतातून द्रवरूप नॅनो खत विमानाने आणावे लागले. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली गेली, तोवर 'महा' म्हणजे मोठ्या पावसाळी हंगामाची वेळ हातची गेली होती. तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ आयात करू लागला. 'जाणकारांचा कारभार' या प्रतिमेला इथे जो तडा गेला, तो पुढे सांधला गेला नाही. कोलंबोतल्या नारहेनपिट येथील अभयाराम विहार हे २०१५ च्या पराभवानंतर महिंदांच्या पुनरागमनाचे केंद्र होते. तिथलेच प्रमुख भिक्खू मुरुत्तेट्टुवे आनंद थेर हेही जाहीर टीका करू लागले.

बाकीची पडझड परिचित आहे. सत्तेवर येताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला होता. या करकपातीवर तेव्हा सगळे खूश होते, आणि मतदारांच्या नंतरच्या तक्रारींमध्ये तिचा उल्लेख क्वचितच येतो, हेही नोंदवायला हवे. महसूल घटला, पतमानांकन घसरले, करोनाने पर्यटन बुडवले. मार्च २०२२ मध्ये कागदाअभावी शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, महिनाअखेरीस दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज जाऊ लागली, इंधनाच्या रांगेत ताटकळत काही वृद्धांनी प्राण सोडले. १२ एप्रिल रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले.

३१ मार्चच्या रात्री मिरिहाना येथे अध्यक्षांच्या खासगी घरासमोर जमाव जमला. ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर 'गोटा गो गामा' म्हणजे 'गोटा, जा' नावाचे गावच वसले: तंबू, वाचनालय, दवाखाना, सामुदायिक स्वयंपाकघर. या आंदोलनाला 'अरगलय' (संघर्ष) म्हणतात. तिथे २०१९ चे विरोधक आणि समर्थक शेजारी शेजारी बसले. अर्थमंत्रिपदी बसवलेले धाकटे भाऊ बासिल यांना लोकांनी कावळा ठरवले होते, त्यामुळे 'कपुटु काक काक काक' ही कावकाव आंदोलनाची लाडकी घोषणा झाली. ज्या आडनावाचा अडीच वर्षांपूर्वी जयजयकार होत होता, त्याची अशी टिंगल चालली होती. एप्रिलमध्ये संसदेत जॉन्स्टन फर्नांडो या मंत्र्याने सुनावले, की अध्यक्षांना ६९ लाखांनी मते दिली आहेत, ते राजीनामा देणार नाहीत. ते ६९ लाख तोवर रस्त्यावर उतरले होते, किंवा घरात गप्प बसले होते. ९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला केला. त्याच दिवशी देशभर नेत्यांची घरे पेटली, एक खासदार जमावाच्या तावडीत सापडून मारला गेला, महिंदांनी पंतप्रधानपद सोडले. ९ जुलैला लोक अध्यक्षांच्या प्रासादात घुसले. कोणी तरणतलावात डुंबले, कोणी तिथे सापडलेल्या नोटा मोजून पोलिसांकडे दिल्या. गोटाबाया १३ जुलैला मालदीवला आणि तिथून सिंगापूरला गेले, आणि १४ जुलैला त्यांचा राजीनामा पोहोचला.

हा भ्रमनिरास कशाचा होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. उपलब्ध घटनाक्रम पाहता तो मुख्यतः कार्यक्षमतेविषयीचा होता असे म्हणणे भाग पडते. करोनाने मेलेल्या मुस्लिमांचे बळजबरीने दहन होत होते, तेव्हा ६९ लाखांची फारशी चलबिचल झाली नाही. भाताचे पीक आणि स्वयंपाकाचा गॅस गेला तेव्हा ती झाली. जाफना जिल्ह्यात गोटाबायांना सहा टक्क्यांच्या आसपास मते होती. तिथल्या तमिळांना भ्रमच नव्हता, त्यामुळे निरास होण्याचाही प्रश्न आला नाही. बेपत्ता मुलांची छायाचित्रे घेऊन तमिळ आया २०१७ पासून उत्तरेत धरणे धरून बसल्या होत्या, आणि दक्षिणेला जाग उशिरा का आली, हा त्यांचा सवाल होता. तरीही १८ मे २०२२ रोजी गॉल फेसवर, २००९ मध्ये युद्धाचा शेवट जिथे झाला त्या मुळ्ळिवायक्काल येथील मृतांची आठवण म्हणून कांजी (पेज) वाटली गेली. सिंहली तरुणांनी कोलंबोच्या मध्यभागी ती ओंजळीत घेणे, हे २०१९ मध्ये कल्पनेतही बसले नसते. किती जणांचे मन खरोखर पालटले, ते मात्र मतपेटीतून मोजता येत नाही.

मतपेटीचा हिशेब सोपा आहे. गोटाबाया सप्टेंबर २०२२ मध्ये देशात परतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक कोसळणीस राजपक्षे बंधूंसह काही अधिकाऱ्यांना जबाबदार ठरवले. सप्टेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत महिंदांचे पुत्र नमल यांना अवघी ३,४२,७८१ म्हणजे २.५७ टक्के मते पडली, आणि २०१९ मध्ये ३.१६ टक्क्यांवर थांबलेले डाव्या आघाडीचे नेते अनुरा कुमारा दिसानायके विजयी झाले. हंबनटोटाही त्यांच्याकडे गेले. नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीने १५९ जागा आणि सुमारे ६८.६ लाख मते मिळवली. राजपक्षेंच्या पक्षाला ३ जागा उरल्या. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत मात्र दिसानायके यांच्या आघाडीची मते ४५ लाखांवर उतरली, आणि कळी चिन्हावर पुन्हा नऊ लाखांहून अधिक शिक्के पडले.