टायटॅनियम सफायर आणि बीबीओ: वरून सारखे, आतून एकदम वेगळे

५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा पंप, म्हणजे एनर्जी पुरवणारा लेझरचा प्रकाश, क्रिस्टलमध्ये सोडलाय, सोबत ८०० नॅनोमीटरची अशक्त पल्स, म्हणजे प्रकाशाचा अगदी छोटा झोत, जातेय आणि दणकट होऊन बाहेर पडतेय. क्रिस्टल टायटॅनियम सफायर असो की बीबीओ, म्हणजे बीटा बेरियम बोरेट, वरून चित्र हेच, म्हणून बरेच जण दोन्हीला सरसकट लेझर अॅम्प्लिफायर म्हणून मोकळे होतात. पण खरं लेझरचं काम फक्त पहिल्यातच चालतं.

सफायरमध्ये टायटॅनियमचे आयन हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि ती एनर्जी साधारण ३ मायक्रोसेकंद धरून ठेवतात, तेवढ्यात पल्स कधीही आली की ती घेऊन जाते, आणि म्हणूनच तिला त्याच क्रिस्टलमधून पुन्हा पुन्हा फिरवता येतं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतला टेरावॉट पातळीचा लेझर याच क्रिस्टलवर चालतो. डोकेदुखी उष्णतेची! ५३२ चा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, घेऊन ८०० चा दिला की एक तृतीयांश एनर्जी क्रिस्टलमध्येच उरते, तो तापतो आणि बीम बिघडवतो.

बीबीओ यातलं काही शोषतच नाही. पंपाचं विद्युतक्षेत्र इतकं तीव्र असतं की क्रिस्टलमधले इलेक्ट्रॉन त्याला सरळ प्रमाणात साथ देत नाहीत, आणि त्यातून एका हिरव्या फोटॉनचे दोन होतात, एक ८०० चा सिग्नल, म्हणजे आपल्या पल्सचाच, आणि दुसरा साधारण १५८८ नॅनोमीटरचा, उरलेली एनर्जी घेऊन जाणारा आयडलर. बंद्या नोटेचे सुटे केल्यासारखं, दोन्हींची बेरीज बरोब्बर तेवढीच, त्यामुळे तापणं फारच कमी आणि काही मिलिमीटरच्या क्रिस्टलमध्ये एकाच फेरीत सिग्नल हजारपट वाढू शकतो. मात्र तिन्ही लाटांची पावलं जुळावी लागतात, त्याला फेज मॅचिंग म्हणतात, आणि ते क्रिस्टलच्या कोनावर असतं, कोन जरासा हलला की गेन, म्हणजे पल्सची वाढ, बसलाच. मला तरी ही अलाइनमेंट सफायरपेक्षा खूप जास्त नाजूक वाटते.

आणखी एक गोंधळ सीपीएचा, म्हणजे चर्प्ड पल्स अॅम्प्लिफिकेशनचा. पल्स आधी ताणायची, वाढवायची, मग दाबायची, ही स्ट्रिकलंड आणि मुरू यांची १९८५ ची युक्ती, त्यांना २०१८ चं नोबेल त्यासाठीच. ती दोन्ही क्रिस्टलना लागू पडते, फक्त बीबीओसारख्यात वापरली की तिला ओपीसीपीए, म्हणजे ऑप्टिकल पॅरामेट्रिक सीपीए, म्हणतात.

समोर नेमकं कोणतं आहे कळत नसेल तर काही पिकोसेकंदांचा पंप घ्या आणि तो सिग्नलच्या एक नॅनोसेकंद आधी पाठवा. सफायरमध्ये पल्स तरीही वाढेल, बीबीओमध्ये जशी गेली तशीच बाहेर येईल.